पणजोबांचा पासवर्ड

"चार, सात, दोन, नऊ!" आत्यानं ई-रिक्षात बसल्या बसल्या फोनमध्ये ओरडून सांगितलं. "हां भैया, सिलेंडर अंदर रख दो. चाबी गमले के नीचे है."

उज्जैनच्या फ्रीगंजहून भैरवगढकडे निघालेल्या त्या रिक्षात आम्ही धरून सहा जण होतो. चौघं अनोळखी. आत्यानं त्या चौघांना गॅसचा कोड, घरी कुणी नसल्याची बातमी आणि किल्लीचा पत्ता असा पूर्ण संच एका दमात देऊन टाकला होता. समोरच्या गृहस्थांचे ओठ हलताना पाहून मला तर ते आकडे पाठ करतायत असंच वाटलं. मी कोपरानं ढोसलं, तर म्हणाली, "काय करून राहिलास? हे सगळे दर्शनाला निघालेत. चोर थोडेच आहेत!"

हीच आत्या आधार कार्ड दाखवताना जन्मसालावर अंगठा ठेवते. बँक असो, हॉटेल असो, रेल्वेतला टीसी असो, अंगठा हलत नाही. २०२२ च्या मे महिन्यात आधारवाल्यांच्या बंगळूरच्या कार्यालयानं पत्रक काढलं होतं, की आधारची झेरॉक्स कुणाच्याही हाती देऊ नका, आकडे झाकलेलं कार्ड द्या. दोनच दिवसांत दिल्लीहून ते मागे घेण्यात आलं, कारण लोकांचा गैरसमज होईल. आत्याचा गैरसमज झाला नाही. तिचं झाकलेलं कार्ड फार आधीपासून चालू होतं. फरक एवढाच की सरकारला आकडे झाकायचे होते आणि आत्याला वय.

आपल्याकडे गुप्ततेचं शास्त्र असं उलटं आहे. पगार सख्ख्या भावाला सांगायचा नाही, पण कर्जासाठी फोन करणाऱ्या अनोळखी मुलीला पै-पैसह सांगायचा. मुलीचं बघणं चाललंय हे शेजारी कळू द्यायचं नाही, पण तिची जन्मवेळ, उंची, रक्तगट आणि तीन फोटो दीडशे जणांच्या वधूवर ग्रुपवर टाकायचे. आत्या चिवड्याची कृती सुनेला सांगते तेव्हा एक जिन्नस गाळते. सुनेला संशय आहे, पुरावा नाही. तो जिन्नस काय हे मलाही माहीत नाही. तिच्या एटीएमचा पिन मात्र मला, सुनेला, दूधवाल्याला आणि आता कदाचित त्या ओठ हलवणाऱ्या गृहस्थांनाही माहीत असावा.

आमच्या बाबांचं नेमकं उलटं होतं. त्यांनी आयुष्यभर कुठलाही आकडा मोठ्यानं उच्चारला नाही. ते आदल्या वर्षी गेले आणि फोनचा पासवर्ड बरोबर घेऊन गेले. आम्ही जन्मतारखा घातल्या, लग्नाची तारीख घातली, स्कूटरचा नंबर घातला. आई म्हणाली, "माझी जन्मतारीख सोडून बाकी सगळं घालून बघ. ती त्यांच्या लक्षात कधीच नव्हती." फोन आता कपाटात आहे, चार्ज करून. कशासाठी चार्ज करतो ते विचारू नका.

भैरवगढला आम्ही निघालो होतो तेही बाबांपायीच. पिंडदान नाशिकला झालं होतं, पण आत्याचा धोशा होता, "दादाचं नाव सिद्धवटाच्या वहीत घालायचं राहिलंय." क्षिप्राकाठच्या त्या वडापाशी बसणाऱ्या तीर्थपुरोहितांकडच्या या वह्या म्हणजे यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांची नोंद. गाव, जात, गोत्र, कोण आलं, कोणाबरोबर आलं, कोणासाठी आलं. सर्व्हर लाल फडक्यात बांधलेला, इंडेक्स गुरुजींच्या डोक्यात.

पण त्याआधी काळभैरव. उज्जैनचा राजा महाकाल आणि कोतवाल काळभैरव. कोतवालाला वर्दी दिल्याशिवाय गावातलं कुठलंच काम पुरं होत नाही. या कोतवालाला नैवेद्य लागतो दारूचा. देवळाबाहेरच्या दुकानात तेव्हा, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमधल्या दारूविक्रीबंदीआधी, फुलं, नारळ आणि बाटली अशी टोपली मिळायची. सत्तरी ओलांडलेली, एकादशीला बटाटासुद्धा सोलून दोनदा धुणारी आमची आत्या त्या दुकानासमोर उभी राहिली, भिंतीकडे बघत बाटली घेतली आणि पदराखाली घातली. रांगेत झाडून सगळ्यांच्या हातात बाटल्या होत्या. लपवणारी ती एकटीच, त्यामुळे संशयास्पदही ती एकटीच दिसत होती.

"वहिनीला सांगू नकोस हं," ती पुटपुटली.

आत पुजाऱ्यानं बाटली घेतली, थोडी बशीत ओतली, बशी मूर्तीच्या ओठांना टेकवली आणि कलती केली. बशी रिकामी. उरलेली बाटली प्रसाद म्हणून परत. मी पहिल्या रांगेत होतो, चष्मा पुसून बघत होतो, तरी काही कळलं नाही. ती जाते कुठे? इंग्रजांच्या काळात एका साहेबानं आजूबाजूला खणून पाहिलं आणि हात टेकले असं इथे ज्याला त्याला ठाऊक असतं. साहेबाचं नाव मात्र कुणाला ठाऊक नसतं. माझ्या फोनवर एक ॲप रोज सांगतं की तुमचे निरोप पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कुणी वाचू शकत नाही. खात्री हवी असेल तर दोघांनी समोरासमोर बसून ६० आकडे ताडून पाहायचे म्हणे. ते ताडून पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. काळभैरवाच्या बाबतीत असली भानगड नाही. देणारा दिसतो, घेणारा दिसतो, मधलं दिसत नाही आणि कुणी विचारतही नाही.

मूर्तीच्या डोक्यावर शिंदेशाही धाटणीची पगडी होती. महादजी शिंद्यांनी पानिपतानंतर आपली पगडी या भैरवाच्या चरणी ठेवून नवस केला, असं सांगतात. पानिपत म्हटलं की मला मात्र पगडीआधी ते पत्र आठवतं. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. पेशवे नानासाहेब कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते, नर्मदेपाशी होते, आणि काय झालं याचा त्यांना पत्ता नव्हता. तिथे त्यांना सावकारांचा एक कासीद भेटला. पानिपताहून औरंगाबादला नऊ दिवसांत पोचायच्या बोलीवर निघालेला. पेशव्यांनी त्याच्याजवळचं पत्र फोडलं. इतिहासकार ग्रँट डफनं हा प्रसंग लिहून ठेवलाय. पत्रात सराफी भाषा होती: दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही.

ते दोन मोती म्हणजे पेशव्यांचा मुलगा विश्वासराव आणि भाऊसाहेब. अर्ध्या महाराष्ट्राच्या घरचा खुर्दा त्यात होता, त्यामुळे पुढचं बोलायला नको. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सावकारांनी इतकी खबरदारी घेऊन सांकेतिक भाषेत लिहिलं, वेगवान जासूद लावला, आणि ते पत्र ज्यानं फोडू नये त्यानंच पहिल्यांदा फोडलं. शिवाय फोडणाऱ्याला ते लगेच समजलं. संकेत असा असून चालतो का, की ज्याचं नुकसान झालंय त्याला वाचताक्षणी अर्थ लागावा? तरी अडीचशे वर्षांत कुणीही म्हटलं नाही, की नानासाहेब, दुसऱ्याचं पत्र फोडणं बरं नव्हे. बाप होता, मुलाची बातमी नव्हती, त्यानं फोडलं. माझी आईसुद्धा माझ्या नावची पत्रं ओल्या हातानं फोडायची आणि "पाणी पडलं म्हणून उघडलं" म्हणायची.

हे मी आत्याला ऐकवत असताना तिनं प्रसादाची बाटली रिक्षावाल्याच्या हाती ठेवली. तोही भिंतीकडे बघतच घेऊ लागला, म्हणजे ही घराण्याची पद्धत नसून गावाची असावी.

भैरवगढचं नाव बाहेरगावी आणखी एका वास्तूसाठी माहीत आहे. इथलं मध्यवर्ती कारागृह. २०२३ च्या मार्चमध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतून कोट्यवधी रुपये परस्पर काढले गेल्याचं प्रकरण बाहेर आलं, गुन्हे दाखल झाले, अटकाही झाल्या. खटल्याचं काय ते न्यायालय बघेल. माझं एवढंच म्हणणं, की उंच भिंती, लोखंडी दारं, मनोऱ्यावर पहारा, पलीकडे खुद्द कोतवाल, आणि तरी बिचाऱ्या पहारेकऱ्यांचाच पैसा गेला. भिंत चढून कुणी आलं नाही. आकडे कुठल्या भिंतीला मानत नाहीत.

गावात शिरलं की मात्र सगळं रंगीत. भेरूगढचा, म्हणजे भैरवगढचाच, छापा. छिपा कारागिरांची घरं, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, आणि मेणाचा तो कढत वास. इथल्या बाटिकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आत्याला चादर हवी होती, म्हणजे तिला भाव करायचा होता. तिचा भाव चालू असताना मी मागच्या पडवीत एका कारागिराशेजारी जाऊन बसलो. वितळलेल्या मेणात कुंचला बुडवून तो कापडावर वेल काढत होता. जिथे मेण, तिथे रंग चढणार नाही. मग रंगाच्या हौदात, मग वाळवण, पुन्हा मेण, पुन्हा दुसरा रंग, आणि शेवटी उकळत्या पाण्यात टाकून मेण काढायचं. मी विचारलं, या बारीक रेषा कशा काढता? सगळ्या कापडभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या निळ्या शिरा पसरल्या होत्या.

"काढत नाही," तो म्हणाला. "मेण तडकतं. तडकलं की रंग आत शिरतो. दोन चादरी कधी सारख्या फुटत नाहीत."

म्हणजे गळतीच. पण तिच्यावरूनच खरी बाटिक ओळखतात. छापखान्यातल्या नकलेत तडेसुद्धा एकासारखे एक असतात. आमच्या घराण्याबद्दलही मला नेमकं हेच म्हणायचंय, पण ते पुढे येईलच.

बाहेर आत्याचा भाव ठरला होता आणि दुकानदार बिलावर लिहायला मोबाईल नंबर मागत होता. मी पुढे झालो. २०१७ च्या २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलंय की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये त्यावर कायदाही झाला. ज्या कामासाठी माहिती घ्यायची त्याच कामापुरती घ्यायची. आता चादर विकायला नंबर कशाला? चादरीला फोन करणार का?

दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि आत्याकडे बघितलं.

"नऊ आठ दोन..." आत्यानं सुरू केलं. पुढचे सात आकडे तिनं दोनदा म्हटले, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पुण्याचा आहे."

सिद्धवटाच्या घाटावर पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. क्षिप्रा खाली संथ. या वडाची गोष्ट अशी सांगतात, की मुघलांनी तो तोडला आणि बुंध्यावर लोखंडी तवे ठोकले, तर तवे फोडून पालवी वर आली. मी झाडाला नमस्कार केला. त्या दिवशी ही पालवी आमच्याच घरात फुटायची होती हे तेव्हा माहीत नव्हतं.

गुरुजी ओट्यावर बसले होते. पंचा, कपाळाला गंध, शेजारी स्मार्टफोन चार्जिंगला. पाच-सहा पिढ्या मराठी यजमान असल्यानं मराठी बोलत होते.

"मूळ गाव?"

सांगितलं.

"गोत्र?"

सांगितलं, आत्याकडे बघून.

"आजोबा?"

सांगितलं.

"पणजोबा?"

मी गप्प. बँक मला पहिल्या शाळेचं नाव विचारते, आवडता रंग विचारते, पाळीव प्राणी विचारते. माझ्याकडे प्राणी नाही म्हणून मी शेजारच्यांचा सांगितलाय. पण पणजोबांचं नाव कधी कुठल्या बँकेनं विचारलं नव्हतं. "आत्या, तुझे आजोबा," मी हळूच म्हटलं. आत्या म्हणाली, "आम्ही त्यांना अण्णाच म्हणायचो."

"अण्णा चालणार नाही," गुरुजी म्हणाले. "अण्णा घरोघरी आहेत."

वही फडक्यातून अर्धी बाहेर आली होती, तीही त्यांनी परत आत सरकवली. मी म्हटलं, गुरुजी, आधार दाखवू का? ते हसले. "आधारवर पणजोबा आहेत का?"

शेवटी नागपूरच्या काकांना फोन लावला. काकांना ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर. गोत्र, घराणं, कुणाच्या वाट्याला कुठली जमीन आली, कुठली भांडणात गेली, असं सगळं साऱ्या घाटाला ऐकवून झाल्यावर काकांनी नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून माझा पासवर्ड तोच आहे.

वही उघडली. लांबट, आडवी, कडा तेलकट झालेली. जुनी पानं मोडीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवत, मग ती सुटली, आणि आमच्याच पणजोबांनी आमच्याचसाठी लिहिलेला मजकूर आम्हालाच कुलूपबंद झाला. किल्ली कुणी चोरली नाही, हरवली. "तुम्हाला येते मोडी?" मी विचारलं. "थोडी. बाकी कोणाची सही कुठे ते आजोबांनी पाठ करून घेतलंय," गुरुजी म्हणाले आणि मोजून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

इथे आत्यानं मला बाजूला ओढलं आणि लहानपणच्या च-च्या भाषेत विचारलं, "चितीक च्यायचेद?" म्हणजे दक्षिणा किती द्यायची. गोंधळी करपल्लवी करतात, हाताच्या खुणांनी अक्षर न् अक्षर सांगतात, आणि समोरच्याला पत्ता लागत नाही. ती खरी विद्या. आमची विद्या च-पर्यंतच.

गुरुजींनी वहीवरून मान न उचलता उत्तर दिलं, "चुमच्यात चुशीनंख."

आत्यानं घसा खाकरला आणि पर्समधून ठरवलेल्यापेक्षा दोनशे जास्त काढले.

गुरुजी पानं उलटत पुढे आले. मोडी संपून बाळबोध आली, दौत संपून शाईचं पेन आलं, ते संपून बॉलपेन आलं. आणि मग थांबले. "हे बघा. हे तुमचे वडील."

बाबांचं अक्षर. शिरोरेघ आधी ओढून खाली अक्षरं टांगायची त्यांची पद्धत. वय, नोकरी, पुण्याचा जुना पत्ता, जो त्यांनी आयुष्यात कुठल्या फॉर्मवर खाडाखोड न करता लिहिला नव्हता, तो इथे स्वच्छ. सोबत दोन मित्रांची नावं. आणि खाली: सिंहस्थ, १९८०.

मला भरून आलं. कपाटातला तो फोन मला वर्षभर उघडत नव्हता आणि इथे लाल फडक्यात बाबा चाळीसेक वर्षं उघडे पडून होते. पणजोबांच्या नावावर. मी फोन काढला, त्या पानाचा फोटो घेतला आणि ओलावल्या डोळ्यांनी आत्याला पाठवला. तिला चष्म्याशिवाय वहीतलं दिसत नव्हतं, फोनवर मोठं करून दिसतं.

तिनं मोठं करून बघितलं. एकदा. दोनदा.

"एकोणीसशे ऐंशी?" ती म्हणाली. "मी बहात्तर साली लग्न होऊन इथे आले. ऐंशीत फ्रीगंजलाच होते. दादा उज्जैनला आला, सिंहस्थाची डुबकी मारली, दोन दोस्तांना घेऊन घाटावर हिंडला, आणि माझ्याकडे आला नाही?"

"कदाचित गर्दी..."

"तीन मैलांवर होते मी! पोहे केले असते!"

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी नदीकडे बघत होते. असे प्रसंग त्यांनी पुष्कळ पाहिले असावेत.

त्यांनी नवं पान काढलं, बाबांची तिथी लिहिली, मला सही करायला लावली, आणि शेवटच्या अक्षराखाली आडवी रेघ मारली. रेघेखाली आता कुणाला काही घुसडता येणार नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटीही अशीच छोटी मर्यादा मुद्रा असे, त्याच कामाची. मी कौतुकानं पुन्हा फोन उचलला, तेवढ्यात गुरुजींनी पानावर पंजा ठेवला.

"मघाशी फोटो काढलात ना?"

"वडिलांच्या नोंदीचा."

"त्या पानावर वर आणि खाली दुसरी दोन घराणी आहेत. त्यांनी आपली माहिती मला दिली, तुम्हाला नाही. काढून टाका."

मी वरमलो. सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायमूर्ती दुकानदाराला ऐकवणारा मी, मला ही गोष्ट सुचली नव्हती. फोटो पुसला. त्यांना स्क्रीन दाखवली.

"आता 'नुकतेच पुसलेले' असा डबा असतो, त्यातूनही," गुरुजी म्हणाले.

त्यातूनही पुसला. गुरुजींनी समाधानानं वही फडक्यात बांधली, दोन गाठी मारल्या. मी वळून आत्याला म्हणणार, की तुझ्याकडचाही काढून टाक, तर ती पाठमोरी होऊन अंगठ्यानं काहीतरी टाइप करत होती. माझा फोन वाजला. 'आपले कुटुंब' या ग्रुपवर फोटो आला होता, पान पूर्ण, तिन्ही घराण्यांसकट. खाली आत्याचं वाक्य: "१९८० ला दादा उज्जैनला येऊन गेला आणि मला भेटला नाही. हे आज कळलं."

नागपूरच्या काकांनी लगोलग हात जोडलेले पाठवले. ते काहीही न वाचता हात जोडतात.

मग आईचं नाव वर आलं. पुण्याहून. टाइपिंग... थांबलं. पुन्हा टाइपिंग...

"१९८०? तेव्हा तर ते ऑफिसच्या तपासणीला भोपाळला गेले होते ना? बरोबरचे हे दोघं कोण?"